अमेरिकेतील ग्रामीण काउंटी : जंगलाचे उत्पन्न आटल्यावर कारभाराचा खर्च कोणी उचलायचा?

अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील जोसेफीन काउंटीच्या शेरीफ कार्यालयाने मे २०१२ मध्ये एक प्रसिद्धिपत्रक काढले. ज्यांच्या जिवाला धोका संभवतो, उदाहरणार्थ ज्यांनी एखाद्या व्यक्तीविरुद्ध न्यायालयाचा संरक्षण आदेश मिळवला आहे आणि तो मोडला जाण्याची ज्यांना भीती वाटते, अशा रहिवाशांनी पुरेसे पोलीसबळ असलेल्या दुसऱ्या भागात राहायला जाण्याचा विचार करावा, असा सल्ला त्यात खेदपूर्वक दिला होता. जगातील सर्वांत श्रीमंत देशातील एका सरकारी कार्यालयाने आपल्याच नागरिकांना गाव सोडण्याचा सल्ला द्यावा, ही बातमी तेव्हा देशभर चर्चेत आली.

हे संकट दुष्काळामुळे, दंगलीमुळे किंवा भ्रष्टाचारामुळे आलेले नव्हते. त्याच महिन्यात काउंटीतील मतदारांनी पोलीस आणि तुरुंगासाठी जादा मालमत्ता कर भरण्याचा प्रस्ताव मतपेटीतून फेटाळला होता. त्यांनी तो का फेटाळला आणि एका मतदानावर गस्तीची गाडी का थांबली, हे कळण्यासाठी अमेरिकेतील ग्रामीण काउंटीचा रोजचा कारभार कसा चालतो ते पाहावे लागते.

अमेरिकेत काउंट्या आणि त्यांच्या समकक्ष घटकांची संख्या तीन हजारांहून अधिक आहे. लुइझियानात त्यांना पॅरिश म्हणतात, अलास्कात बरो. ढोबळमानाने काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्हा. पण ही तुलना फार ताणता येत नाही. भारतातील जिल्ह्यात जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक राज्य सरकार नेमते. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून कार्यरत असलेल्या जिल्हा परिषदेचे सदस्य लोक निवडून देतात, मात्र तिचा मुख्य कार्यकारी अधिकारी शासनाचाच असतो आणि तिच्या तिजोरीत येणारा बहुतांश पैसाही शासनाच्या अनुदानाचा असतो. जिल्हा परिषदेकडे प्राथमिक शाळा आहेत, पोलीस नाहीत. ओरेगनच्या काउंटीत नेमके उलट आहे. तेथे पोलीस आणि तुरुंग काउंटीकडे, तर शाळा वेगळ्या निवडलेल्या शाळा मंडळांकडे. आणि काउंटीचे जवळजवळ सर्व प्रमुख अधिकारी मतदानाने निवडले जातात.

जोसेफीन काउंटी राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात, कॅलिफोर्नियाच्या सीमेला लागून आहे. तिची स्थापना १८५६ सालची. २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ८८ हजार असून त्यांतील निम्म्याहून कमी लोक ग्रँट्स पास या मुख्यालयाच्या शहरात राहतात. उरलेले डोंगर, नद्या आणि डग्लस फरच्या दाट जंगलांत विखुरलेल्या वस्त्यांत.

कोण काय करते

काउंटीचा कारभार तीन निवडून आलेल्या कमिशनरांच्या मंडळाकडे असतो. ‘कमिशनर’ हा शब्द ऐकताच मराठी वाचकाला महापालिका आयुक्त आठवेल, पण हे कोणी सनदी अधिकारी नव्हेत. निवडणूक लढवून आलेले स्थानिक रहिवासी आहेत. तेच ठराव करतात, तेच अंदाजपत्रक मंजूर करतात आणि खात्यांवर देखरेखही तेच ठेवतात. कायदे करणारे आणि अंमलबजावणी करणारे असे दोन वेगळे कक्ष येथे नाहीत. त्यांच्या साप्ताहिक बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर एखाद्या न वापरातल्या रस्त्याचा हक्क सोडून देणे, पुलाच्या दुरुस्तीचे कंत्राट, मद्य परवान्याची शिफारस, शेतजमिनीचे बिगरशेती वापरात रूपांतर करण्यावरील अपील असे विषय असतात. बैठकीत कोणाही रहिवाशाला उठून काही मिनिटे बोलता येते, आणि लोक बोलतातही.

अंदाजपत्रकाची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. ओरेगनच्या कायद्यानुसार अंदाजपत्रक समितीत जितके कमिशनर तितकेच सामान्य नागरिक असावे लागतात. म्हणजे तीन कमिशनर आणि तीन नागरिक एका टेबलाभोवती बसून १ जुलैपासून सुरू होणाऱ्या वर्षाचा खर्च ठरवतात.

काउंटी क्लार्क हे पद नावावरून कारकुनाचे वाटते, पण त्याच्याकडे दोन मोठी कामे आहेत. जमिनीच्या खरेदीखतांची आणि गहाणखतांची नोंद ठेवणे हे पहिले. विवाहाचे परवानेही याच खिडकीवर मिळतात. निवडणुका घेणे हे दुसरे. अमेरिकेत केंद्रीय निवडणूक आयोग मतदान घेत नाही. राष्ट्राध्यक्षपदासाठीचे मतही येथे अखेर काउंटीच्या कार्यालयातच मोजले जाते. ओरेगनमध्ये १९९८ च्या सार्वमतानंतर मतदान टपालाने होते. मतपत्रिका घरी येते, मतदार ती भरून, पाकिटावर सही करून परत पाठवतो आणि क्लार्कचे कर्मचारी ती सही नोंदीतील सहीशी जुळवून पाहतात.

मूल्यांकन अधिकारी प्रत्येक घर आणि जमिनीचे करमूल्य ठरवतो. ऑक्टोबरमध्ये बिले निघतात आणि १५ नोव्हेंबरपर्यंत पूर्ण रक्कम भरणाऱ्याला तीन टक्के सूट मिळते. नाही तर तीन हप्त्यांत भरायचे. बिलावर काउंटीचे नाव असले तरी त्यातील सर्वांत मोठा वाटा शाळांचा असतो. नगरपालिका, महाविद्यालय जिल्हा, अग्निशमन जिल्हा यांचे वाटेही त्यातच. काउंटी हा पैसा गोळा करून ज्याचा त्याला वाटून देते. अनेक करदात्यांना मात्र सगळी रक्कम काउंटीच खाते असे वाटत असते, आणि पुढे आलेल्या वादात या गैरसमजाचा भाग लहान नव्हता.

रस्ते खात्याचे काम कोणत्याही डोंगराळ तालुक्यातील बांधकाम उपविभागाच्या कर्मचाऱ्याला ओळखीचे वाटेल. हिवाळी पावसात दरडी हटवायच्या, तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या करायच्या, खडीच्या रस्त्यांवर ग्रेडर फिरवायचा, उन्हाळ्यात डांबर आणि बारीक खडीचा थर द्यायचा. सेप्टिक टाकीच्या परवानगीपासून हॉटेलांच्या स्वच्छता तपासणीपर्यंतची कामे आणखी इतर विभागांकडे.

आणि शेरीफ. मुंबईचे नगरपाल हे जसे मानाचे पद आहे, तसे हे नव्हे. ग्रामीण काउंटीत शेरीफ म्हणजे पोलीसप्रमुख, तुरुंगाचा प्रमुख आणि न्यायालयाच्या समन्सांची बजावणी करणारा अधिकारी. डोंगरात हरवलेल्या गिर्यारोहकांचा शोधही त्यालाच घ्यावा लागतो. तो थेट लोकांतून निवडून येतो, त्यामुळे तपास कसा करावा याचा आदेश कमिशनर त्याला देऊ शकत नाहीत. त्याला किती शिपाई परवडतील, एवढे मात्र त्यांच्या हाती असते.

जंगलाचा वाटा

जोसेफीन काउंटीतील सुमारे दोन तृतीयांश जमीन संघराज्य सरकारच्या मालकीची आहे. सरकारी जमिनीवर मालमत्ता कर लागत नाही. म्हणजे काउंटीला रस्ते, पोलीस आणि शोधमोहिमांची जबाबदारी संपूर्ण क्षेत्रावर, पण कर मिळणार एक तृतीयांश जमिनीवर.

या मालकीमागे एका रेल्वेमार्गाची कथा आहे. पोर्टलंडहून कॅलिफोर्नियाकडे लोहमार्ग बांधण्यासाठी अमेरिकी काँग्रेसने १८६६ मध्ये मार्गालगतचे एकाआड एक चौकोनी भूखंड कंपनीला देऊ केले. आजही त्या भागाचा मालकी नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. ही जमीन प्रत्यक्ष वसाहत करणाऱ्यांना १६० एकरांहून मोठे तुकडे न पाडता, एकरी अडीच डॉलरपेक्षा जास्त न घेता विकावी, अशी अट नंतर घालण्यात आली. कंपनीने ती पाळली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९१६ मध्ये काँग्रेसने न विकलेली जमीन परत घेतली. ती वीस लाख एकरांहून अधिक होती. कंपनीच्या हाती असेपर्यंत या जमिनीवर काउंट्यांना कर मिळत होता, तो बंद पडला. भरपाई म्हणून १९३७ च्या कायद्याने तेथील लाकूडविक्रीच्या उत्पन्नातला वाटा पश्चिम ओरेगनमधील १८ काउंट्यांना देण्याचे ठरले. राष्ट्रीय वनांच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा शाळा आणि रस्त्यांसाठी देण्याचा नियम १९०८ पासून होताच.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरबांधणीची लाट आली आणि या व्यवस्थेला सोन्याचे दिवस आले. झाडे तोडली जात, गिरण्या रात्रंदिवस चालत, आणि काउंटीच्या तिजोरीत रहिवाशांच्या खिशाला हात न लावता पैसा येई. कर कमी ठेवूनही तुरुंग, ग्रंथालय, गस्त सारे चालत असे. सरकार फुकट चालते, असे कोणी उघड म्हटले नसेल. पण दोन पिढ्यांचा अनुभव तसाच होता.

१९९० मध्ये उत्तरेकडील ठिपकेदार घुबड धोक्यातील प्रजाती म्हणून जाहीर झाले. जुन्या, दाट जंगलावाचून ते जगत नाही, आणि तेच जंगल गिरण्यांना हवे होते. न्यायालयीन लढाईनंतर १९९४ मध्ये नवी वनयोजना आली आणि सरकारी जंगलातील तोड झपाट्याने घटली. घुबडाला सारा दोष देणे स्थानिक राजकारणात सोयीचे ठरले असले तरी ते पुरते खरे नाही. जुनी झाडे संपत आली होती आणि यंत्रांमुळे गिरण्यांतील माणसेही आधीपासून कमी होत होती.

गोठलेला दर

याच दशकात ओरेगनमध्ये एक वेगळी गोष्ट घडत होती आणि काउंटीच्या दृष्टीने तीच अधिक दूरगामी ठरली. या राज्यात विक्रीकर नाही. आयकर राज्याकडे जातो. स्थानिक संस्थांना मुख्य आधार मालमत्ता कराचा, आणि वाढत्या बिलांना वैतागलेल्या मतदारांनी १९९० पासून त्यावर एकामागून एक मर्यादा घातल्या. १९९७ मधील पन्नासाव्या प्रस्तावाने प्रत्येक स्थानिक संस्थेचा तेव्हाचा दर कायमचा गोठवला आणि करमूल्यातील वार्षिक वाढ साधारणतः तीन टक्क्यांवर रोखली.

गोठवण्याच्या त्या क्षणी जोसेफीन काउंटीचा दर अत्यंत कमी होता, कारण तोवर लाकडाच्या पैशावर भागत होते. तो राहिला एक हजार डॉलर करमूल्यामागे सुमारे ५९ सेंट; राज्यातील सर्वांत कमी दरांपैकी एक. दोन लाख डॉलर करमूल्याच्या घरमालकाकडून काउंटीला वर्षाला मिळतात सुमारे ११७ डॉलर. त्यात पोलीस, तुरुंग, सरकारी वकील, निवडणुका, नोंदणी, सगळे बसवायचे. हा कायम दर कमिशनर वाढवू शकत नाहीत आणि मतदारांनी ठरवले तरी तो वाढत नाही. एकच वाट उरते: ठरावीक मुदतीचा जादा कर मतदानाने मंजूर करून घेणे. रोजच्या खर्चासाठी अशा कराची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षे.

लाकडाचा पैसा आटल्यावर काँग्रेसने २००० मध्ये ग्रामीण शाळा व समुदायांसाठी एक कायदा करून तात्पुरती भरपाई सुरू केली. १९८६ ते १९९९ या काळातील सर्वोत्तम तीन वर्षांची सरासरी आधार मानून रक्कम ठरली. मुदत संपली की ओरेगनचे लोकप्रतिनिधी वॉशिंग्टनमध्ये धावपळ करीत, आणि बहुधा मुदतवाढ मिळे. पण उशिरा आणि घटत्या रकमेची. २००६ मध्ये मुदत पहिल्यांदा संपली तेव्हाच धक्का जाणवला. २००७ मध्ये जोसेफीन काउंटीने आपली सर्व ग्रंथालये बंद केली. शेजारच्या जॅक्सन काउंटीची पंधराही ग्रंथालये त्याच वर्षी काही महिने बंद होती.

ग्रंथालय बंद झाले तर हळहळ होते. तुरुंग आणि गस्त बंद पडली तर काय होते, ते २०१२ मध्ये दिसले.

मे २०१२ चे मतदान

काउंटीने हजारी १.९९ डॉलरचा जादा कर मतदारांपुढे ठेवला. दोन लाख डॉलरच्या घराला वर्षाला सुमारे ४०० डॉलर अधिक. मतदारांनी तो स्पष्ट बहुमताने नाकारला. शेरीफ कार्यालयातील बहुतांश कर्मचारी कमी झाले, गंभीर गुन्ह्यांचा तपास करणारे पथक बंद पडले, तुरुंगातील काही कैद्यांना सोडावे लागले आणि ग्रामीण भागातील गस्त कामाच्या दिवशी दिवसपाळीपुरती उरली. रात्री मदतीसाठी दूरध्वनी करणाऱ्याला राज्य पोलिसांची गाडी जवळपास असेल तर ती मिळे. चोरीच्या तक्रारी नुसत्या नोंदवल्या जात. काही वस्त्यांत रहिवाशांनी स्वतःच गस्तीचे गट काढले.

याच काळात अनेकांना एक प्रश्न पडला: पोलिसांना पैसा नाही, मग रस्त्यांवर डांबर कसे पडते? उत्तर नियमांत आहे. इंधनकराचा पैसा फक्त रस्त्यांवर खर्च करावा, असे ओरेगनच्या राज्यघटनेतच लिहिले आहे. रस्ते खात्याकडील शिल्लक उचलून शेरीफला देता येत नाही. शासकीय अनुदानाच्या शीर्षांशी झगडणाऱ्या आपल्याकडील कोणत्याही सरपंचाला ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही. पण गाडी अडवायला पोलीस नाही आणि गाडीखाली नवा रस्ता आहे, हे दृश्य मतदारांच्या संशयाला खतपाणी घालणारे होते.

नकार देणाऱ्यांना अडाणी किंवा कंजूष ठरवणे सोपे आहे आणि बाहेरच्या अनेक वार्ताहरांनी ते केलेही. त्यांच्या बाजूला वजन होते. गिरण्या गेल्यानंतर या भागात चांगल्या पगाराची कामे कमी उरली. लोकसंख्येत निवृत्तांचे प्रमाण मोठे. ठरावीक उत्पन्नात जगणाऱ्याला वर्षाला ४०० डॉलर ही किरकोळ रक्कम नाही. ग्रँट्स पास शहराचे रहिवासी स्वतःच्या नगर पोलिसांसाठी वेगळा कर आधीच भरत होते. ग्रामीण गस्तीसाठी पुन्हा का भरायचा, हा त्यांचा सवाल होता. सर्वांत खोल तक्रार वेगळी होती. दोन तृतीयांश जमीन सरकार अडवून बसते, झाड तोडू देत नाही, करही देत नाही, आणि शेवटी खर्च मात्र आमच्या घरावर लावते. १९३७ चा कायदा म्हणजे दिलेला शब्द होता आणि तो मोडला गेला, ही भावना त्यामागे होती.

तरीही या युक्तिवादात एक पोकळी राहते. वॉशिंग्टनवरचा राग रास्त असला तरी त्याची किंमत वॉशिंग्टनने मोजली नाही. ती मोजली ज्यांना स्वतःचा पहारेकरी किंवा दुसरे घर परवडत नव्हते त्यांनी. शहराबाहेरील बऱ्याच भागात सार्वजनिक अग्निशमन सेवाही नाही. तेथे खाजगी कंपनीची वार्षिक वर्गणी भरावी लागते. कर नको म्हणणारा माणूस शेवटी वर्गणी, कुलुपे, कॅमेरे आणि बंदूक यांवर पैसे खर्च करीतच असतो. फरक इतकाच की तो खर्च प्रत्येकाने आपापल्या ऐपतीनुसार करायचा.

राज्य सरकार स्वस्थ बसले नाही. २०१३ मध्ये ओरेगनच्या विधिमंडळाने एक कायदा केला. सार्वजनिक सुरक्षेची आर्थिक आणीबाणी जाहीर करून राज्यपालांना अशा काउंटीत काउंटीच्या संमतीने तात्पुरता कर लावण्याची वाट त्याने खुली केली. काउंटीत मात्र लोक पुन्हा पुन्हा मतपत्रिकेकडेच वळले. २०१३ चा हजारी १.४८ डॉलरचा प्रस्ताव निसटत्या फरकाने पडला. २०१४ मध्ये आणि २०१५ मध्येही नकारच आला.

मे २०१७ मध्ये मत बदलले. प्रौढांचा तुरुंग आणि बालगुन्हेगारांचे केंद्र यांच्यासाठी हजारी ९३ सेंटचा पाच वर्षांचा कर मंजूर झाला. रक्कम पहिल्या प्रस्तावाच्या निम्म्याहून कमी होती आणि ती कशावर खर्च होणार हे मतपत्रिकेवर नेमके लिहिलेले होते. तुरुंगाचा उपयोग शहरालाही होतो, त्यामुळे शहरी मतदारांना हा कर दुहेरी वाटला नाही. त्याच मतदानात ग्रंथालयासाठी स्वतंत्र करजिल्हा स्थापन करण्यासही लोकांनी संमती दिली. त्याचा दर हजारी ३९ सेंट. २००७ नंतर नागरिकांनी संस्था काढून देणग्या आणि स्वयंसेवकांच्या बळावर ग्रंथालय चालू ठेवले होते. अनेक वर्षे ते काम डोळ्यांसमोर असल्याने या ३९ सेंटांत काय मिळणार हे मतदाराला ठाऊक होते. काउंटीचे राजकारण पाहणाऱ्यांनी यातून घ्यायचा तो धडा घेतला असावा: सर्वसाधारण निधीसाठी पैसे मागितले तर नकार, ओळखीच्या इमारतीसाठी मागितले तर विचार.

गस्तीचा प्रश्न यातून सुटला नाही. ९३ सेंटांचा कर तुरुंगासाठी होता. रात्री दरीतल्या वस्तीवर जाणाऱ्या गाडीचा खर्च अजूनही सर्वसाधारण निधीतून, म्हणजे ५९ सेंटांच्या दरातून आणि वॉशिंग्टनहून काय येते यावरून ठरतो. आणि जादा कराची मुदत पाच वर्षांची. ती संपत आली की अंदाजपत्रक समितीचे तीन कमिशनर आणि तीन नागरिक पुन्हा टेबलाभोवती बसतात, दर ठरतो, क्लार्कच्या कार्यालयातून मतपत्रिकांची पाकिटे टपालात पडतात आणि शेरीफ पुढच्या वर्षी किती माणसे ठेवता येतील याचे दोन वेगळे तक्ते तयार करतो, एक होकारासाठी, दुसरा नकारासाठी.